एफ८बी (मारुती ८०० चं इंजिन) अपडेट: शेवटच्या रॉकरला ऑइल पोचलं

पोचलं. टॅपेट कव्हर उघडं ठेवून बघितलं, तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट रॉकरच्या (कॅमच्या रेट्याने व्हॉल्व्ह दाबणारा तो छोटा दांडा) दोन्ही बाजूंनी ऑइल बाहेर येतंय. फडक्याने पुसलं की परत, पुसलं की परत. ज्या रॉकरचा पॅड दर वेळी निळा पडून खरवडलेला मिळायचा, तोच हा. ऑइल न पोचण्याचं कारण जेटमध्ये (वर जाणारं ऑइल मापून सोडणारं बारीक भोक) नव्हतं आणि पंपातही नव्हतं. ते ब्लॉकच्या पोटात होतं. म्हणून आजचा मजकूर जवळजवळ सगळा त्यावरच आहे. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टचं पुढच्या वेळी.

सेटअप तुम्हाला माहीत आहे. मारुती ८०० चं ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड. कंपनीतून येताना ५००० आरपीएमला ३७ बीएचपी. आपण घासलेला कॅम आणि कडक स्प्रिंग टाकून त्याला ७००० पर्यंत फिरवतो, तेही धुळीच्या ट्रॅकवर, सारखं थ्रॉटल सोड-दाब करत. रॉकर साधे, घसरणाऱ्या पॅडचे. रोलर नाही, नीडल बेअरिंग नाही. पॅड आणि कॅमच्या मध्ये ऑइलचा थर असेल तोवर सगळं ठीक, तो तुटला की लोखंडावर लोखंड.

गेल्या वेळी वरच्या वाटेतला जेट १.५ मिमीचा २ मिमी केला होता. भोकाचं क्षेत्रफळ १.७७ वरून ३.१४ चौरस मिमी, म्हणजे त्याच प्रेशरला जवळपास पावणेदोन पट ऑइल वर जायला हवं. तेवढं वर गेलं तर गरम इंजिनचं आयडल प्रेशर थोडं तरी उतरायला हवं. ते तसूभर हललं नाही, आणि शेवटचा रॉकर कोरडाच. ही गोष्ट मला सारखी खटकत होती.

त्या पोस्टखाली दोन सल्ले सगळ्यात जास्त आले. पहिला, मोठा ऑइल पंप लावा. मला तो पटत नाही. जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे तोच राहणार, मग जास्तीचं ऑइल तिथूनच चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत जाणार. फुकट ताकद खर्च आणि ऑइल आणखी गरम. दुसरा सल्ला अमेरिकन व्ही८ वाल्यांचा: वरचं ऑइल कमी करा, ब्लॉकमध्ये रेस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) ठोका. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे, कारण त्यांच्याकडे रोलर रॉकर असतात आणि नीडल बेअरिंगला थोडक्या ऑइलवर भागतं. आपल्या घसरत्या पॅडला भागत नाही. शिवाय व्हॉल्व्ह स्प्रिंग थंड ठेवायला ऑइलशिवाय दुसरं काही नाही, आणि कडक स्प्रिंग जास्त तापते.

मग ठरवलं की डोळ्यांनी बघायचं. या इंजिनचा पंप क्रँकच्या नाकावर बसतो, त्यामुळे ड्रिल लावून पंप फिरवायची सोय नाही. बाहेरूनच प्रेशर द्यायला लागतं. सांगोल्याच्या मामांकडे डाळिंबाच्या बागेतला जुना पितळी फवारणी पंप पडून होता, तो आणला. औषधाचा वास जाईपर्यंत धुतला, आतले वायसर बदलून ऑइलला टिकणारे नायट्रिलचे टाकले, नळीवर गेज बसवला. तीन किलो प्रेशर आरामात धरतो. ऑइल घट्ट असतं म्हणून डबा दुपारभर गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवला. सोलापुरात पारा ४२-४३ ला असताना वेगळी शेगडी लागत नाही. गरम इंजिनातल्या ऑइलइतकं ते पातळ होत नाही, पण पंपातून चांगलं वाहतं.

जोडणी ऑइल प्रेशर स्विचच्या भोकात. इथे एक सांगून ठेवतो. तिथे १/८ बीएसपी टेपर आटे आहेत, इंचाला २८. ऑनलाइन मागवलेला ॲडॉप्टर ‘१/८’ म्हणून आला तो एनपीटी निघाला, इंचाला २७. सुरुवातीचे आटे गोड बसतात, मग आवळताना जड जातो आणि शेवटी गळतो. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा. विक्रेत्याने परत घेतला नाही. आटे मोजायची पट्टी शंभर-दीडशे रुपयांत मिळते, ती आधी घ्या.

दुसरं म्हणजे फिल्टर बसवलेला ठेवा. त्यातला परतीचा व्हॉल्व्ह ऑइल उलट पंपाकडे जाऊ देत नाही. आणि पंप मारताना दुसऱ्या माणसाने क्रँक पान्याने हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे कॅम सगळ्या स्थितींतून जातो आणि कुठलं भोक कधी उघडतं ते दिसतं. धाकट्या भावाने पंप मारला, मी पाना धरला.

दिसलं ते असं. पुरवठ्याच्या जवळचे रॉकर भळाभळा, मधले बेताचे, शेवटचा नुसता ओलसर. रॉकर ज्यांच्यावर डुलतात ते शाफ्ट काढून बघितले तर खालच्या बाजूला, जिथे रॉकरचा दाब येतो तिथे, नखाला लागेल एवढी खाच. जवळचे रॉकर ढिले म्हणून ऑइल तिथेच सांडत होतं. दोन्ही शाफ्ट नवे टाकले, रॉकर मापून निवडले, फट दीड थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आणली. जवळची गळती लगेच कमी झाली. शेवटचा रॉकर मात्र ओलसरचा थोडा जास्त ओलसर, बस्स.

मग हेड उतरवलं आणि डेकवरच्या (ब्लॉकचा वरचा सपाट भाग, जिथे हेड बसतं) ऑइलच्या भोकातून येणारं ऑइल मोजपात्रात धरलं. तीन किलोवर, एक मिनिट. आधी जेट बसवून, मग जेट काढून. दोन्ही वेळा जवळपास सारखंच. इथेच कोडं सुटलं. जेट काढूनही धार वाढत नसेल तर अडथळा जेटच्या खाली आहे.

इंजिन पूर्ण उतरवलं आणि ब्लॉक टेबलावर आला. मुख्य गॅलरीच्या (ब्लॉकमधला ऑइलचा मोठा आडवा बोगदा) टोकाला ॲलन हेडचा टेपर प्लग होता. तो काढायच्या आधी डेकवरून बारीक टॉर्च मारली आणि भोकात डोकावलो. उभं भोक जिथे गॅलरीला मिळतं तिथे पूर्ण गोल दिसायला हवा. दिसत होती चंद्राची कोर. बाकी सगळं प्लगच्या नाकाने झाकलेलं, आणि उरलेल्या कोरीच्या कडेला काळा, कडक, वर्षानुवर्षांचा गाळ. तार घातली, ती अडकली. प्लग काढून व्हर्निअर लावला तर लांबी १५ मिमी. हा मूळचा नाही. ब्लॉक जुना घेतलाय, त्याआधी कुणीतरी बोअर करताना गॅलरी साफ केली असणार आणि हाताला आला तो लांब प्लग पूर्ण आवळून दिला असणार. रस्त्यावर ४००० आरपीएमला चालवणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. गेजवर प्रेशर छान दिसतं, कारण गेज गॅलरी वाचतो. रॉकरपर्यंत काय जातं ते गेजला ठाऊक नसतं.

पुढचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या अण्णांचं. यंत्रमागाचे भाग करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, गाडीच्या इंजिनला ते फारसा हात लावत नाहीत. पण बिडात लांब, सरळ भोक पाडायचं तर माझा त्यांच्यावरच विश्वास. ब्लॉक बघून त्यांचा पहिला प्रश्न, “पाण्याची भिंत कुठं हाय ते आधी दाखव.” जाकीटपासूनचं (ब्लॉकमधली पाण्याची पोकळी) अंतर कोअर प्लगच्या भोकातून कॅलिपर घालून मापलं, तेव्हाच ब्लॉक मशीनवर चढला. उभं भोक ५ चं ६ मिमी केलं. एकदम नाही, ५.५ वर थांबून, दर थोड्या खोलीला ड्रिल बाहेर काढून बुरा झटकत. बिडाला कूलंट लावला नाही, कोरडंच. मग गॅलरीच्या टोकातून लांब दांड्याचा बर (घासायचं फिरतं हत्यार) घालून दोन भोकांच्या संगमाची धार मोडली. बोट फिरवलं तर आता कुठे अडकत नाही. नवा प्लग ९ मिमीचा, अण्णांनीच मापात करून दिला. उभ्या भोकावर त्याचं नाक अजिबात येत नाही. नंतर जाकीट बंद करून, दोन किलो हवा भरून ब्लॉक पाण्यात बुडवला. एकही बुडबुडा नाही.

हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केटही बघा. माझ्याकडच्या दोन ब्रँडपैकी एकाचं ऑइलचं भोक डेकच्या भोकापेक्षा लहान आणि थोडं सरकलेलं होतं. सहाचं भोक पाडून वर चारची चकती ठेवली तर सगळ्या कष्टांवर पाणी. दुसरं वापरलं.

परत जोडून पंप मारला आणि उलटीच गंमत. २ मिमीच्या जेटमधून आता खरोखर २ मिमीचं ऑइल यायला लागलं. हेडमध्ये स्प्रिंगच्या बुडापर्यंत तळं साचलं, ऑइल खाली जाईना. पंपाच्या तीन किलोवर ही अवस्था, तर ७००० आरपीएमला काय होईल? सगळं ऑइल डोक्यावर आणि चेंबरमध्ये पिकअप (पंपाची ऑइल ओढणारी नळी) उघडा. लांब वळणावर बेअरिंग जाणार ते असंच.

तेव्हा परतीची वाट. हेडकडून ब्लॉकमधून चेंबरला उतरणाऱ्या भोकांत ओतकामाचे पापुद्रे तसेच होते, एका ठिकाणी तर जवळजवळ पाव भोक बुजलेलं. कार्बाइड बर आणि डाय ग्राइंडरने ते काढले, वरच्या तोंडाला हलका उतार दिला, कडा गोल केल्या. भोकं मोठी केली नाहीत, गरज नाही आणि डेकला सीलिंगसाठी जागा हवीच. चकाकी आणायच्या मागेही लागलो नाही. ऑइलला चकाकीचं काही नसतं, त्याला पापुद्रा नको असतो. आणि जेट पुन्हा १.५ चा बसवला. वाट मोकळी झाल्यावर तेवढा पुरतो. आता सगळे सहा रॉकर सारखे गळतात आणि हेडमध्ये तळं होत नाही.

धुण्यावर मी काटकसर केली नाही. सगळे प्लग बाहेर, बाटलीच्या ब्रशने डिझेल, मग गरम पाणी आणि कपड्याचा साबण, मग हवा, आणि हवा मारून झाली की लगेच ऑइल. बिडाला उघडं ठेवलं की डोळ्यांदेखत तांबूस पडतं. पांढरं फडकं गॅलरीतून ओढून पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चाललं. ग्राइंडिंगचा एक कण राहिला तर नवे बेअरिंग गेलेच समजा.

ऑइलबद्दल माझं मत ठाम आहे. ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडच्या नव्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवतात, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. आपल्या गाडीला कन्व्हर्टर नाही, आणि घसरत्या पॅडला वाचवणारं झिंक-फॉस्फरसच कमी करून घ्यायचं कशाला? २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही. मी तेच भरणार. नव्या पॅडवर आणि कॅमवर जोडताना मॉलिब्डेनमची पेस्ट, आणि पहिली वीस मिनिटं आयडलला ठेवायचं नाही, २००० च्या आसपास.

आता नवीन डोकेदुखी, की नवीन संधी म्हणू. उघड्या कव्हरमधून बघताना लक्षात आलं की ऑइल रॉकरच्या बाजूंनी ओघळतं, कॅमच्या टोकावर थेट कमीच पडतं. तिथे स्प्रे बार (कॅमवर ऑइल फवारणारी भोकांची नळी) हवा असं वाटतंय. फोर्डच्या पिंटो इंजिनला कंपनीतूनच असा बार यायचा, आणि त्याची भोकं तुंबली की कॅम जायचा हेही प्रसिद्ध आहे. कॅमच्या सहा लोबवर (उंचवट्यांवर) ०.८ मिमीची सहा भोकं धरली तर एकूण ३ चौरस मिमी. आपला जेटच १.७७ चा. म्हणजे बार शाफ्टच्या वाटेवर जोडला तर शाफ्ट उपाशी, परत पहिल्यापासून सुरू. त्याला स्वतंत्र वाट आणि स्वतःचा १ मिमीचा जेट हवा, ०.७९ चौरस मिमी, त्याआधी बारीक जाळी.

प्रेशर स्विचपाशी टी लावून तिथून नळी वर न्यायची असं मनात होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं: तो ९ मिमीचा प्लग! गॅलरीच्या टोकालाच आहे. त्यालाच मधून भोक पाडून आत १ मिमीचा जेट, बाहेर नळीचं युनियन. स्विच आणि गेजला हात लावायला नको, टी च्या सांध्यांतली गळतीची भीती नाही. प्लगला भिंत किती उरते ते बघायला उद्या अण्णांकडे जातोय. इंजिन गाडीत बसवायचं त्यामुळे थोडं लांबवतो. दिवाळीनंतरच्या ऑटोक्रॉसला (धुळीच्या ट्रॅकवरची शर्यत) अजून भरपूर वेळ आहे, आणि बार आधी टेबलावर पंप लावून बघायचाय.

तुमच्यापैकी कुणाचा एफ८बी ब्लॉक सध्या उघडा असेल तर एवढं करा: डेकच्या ऑइल होलमधून टॉर्च मारा, पूर्ण गोल दिसतो का बघा, आणि गॅलरीच्या प्लगची लांबी मापून इथे टाका. मूळच्या प्लगचं माप मिळालं तर मला हवंय. सोलापुरात कुणाला फवारणी पंप आणि २८ आट्यांचा ॲडॉप्टर लागला तर माझ्याकडून घेऊन जा, फक्त वापरून झाल्यावर आतलं ऑइल काढून परत द्या.