ओल्या भिंतींवर उगीच आळ

पीएचडीची नोंदणी 2021 मध्ये झाली तेव्हा माझ्या विषयाचं नाव अडीच ओळींचं होतं. त्यातलं कामाचं एवढंच, की वीजमीटरचे आकडे बिनतारी मार्गाने पाठवले तर जुन्या, दाट वस्तीत ते कितपत पोहोचतात. त्याच वर्षी केंद्राने 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायची योजना आणली, त्यामुळे समितीने विषयाला फारसे आढेवेढे घेतले नाहीत. दिवसा गावाबाहेरच्या कॉलेजात शिकवायचं, रात्री सिम्युलेशन. सिम्युलेशनमध्ये सगळंच पोहोचत होतं. तिथे कुणाचा जिना नसतो आणि जिन्याखाली पत्र्याची पेटी नसते.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “आता बाहेर पडा.” बडोद्यात जुनी वस्ती शोधायला मला लांब जायचं नव्हतं. दांडिया बाजारात मावशीचं घर आहे. चुन्यातल्या जाड भिंती, सागवानी खांब, मीटर जिन्याखाली. शेजारच्या काकांच्या गच्चीवरून सुरसागरातले महादेव दिसतात. तिथे मी गेटवे, म्हणजे घराघरांतले संदेश झेलणारा रिसीव्हर, लावला आणि त्याला वेगळा इन्व्हर्टर दिला. आजूबाजूच्या बारा घरांत मीटरच्या पेटीशेजारी एकेक बोर्ड. दर पंधरा मिनिटांनी एक छोटा संदेश, म्हणजे पॅकेट, पाठवायचं, एवढंच त्याचं काम. तंत्र लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोहोचणारी रेडिओ पद्धत; पट्टा 865 मेगाहर्ट्झचा, कारण आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. अँटेना जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटरची, लहरीच्या पाव लांबीएवढी. मावशी तिला उदबत्तीची काडी म्हणायची.

बोर्ड बसले मार्च 2024 मध्ये, आणि मे महिन्यात शहरात स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले. बिलं फुगतात, पैसे भराभर संपतात, अशा तक्रारी होत्या. माझ्या बोर्डचा वीज कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, तो मीटरला जोडलेलासुद्धा नव्हता, साध्या प्लगवर चालायचा. पण पेटीशेजारी दिवा लुकलुकणारा डबा पाहिल्यावर कोण ऐकतो? एका काकूंनी तो रुमालात बांधून परत दिला. दुसऱ्या घरच्या गुजराती आजी म्हणाल्या, “बेन, आज डबा ठेवशील, उद्या मीटर बदलशील.” मी हिशेब मांडून दाखवला: अर्धा वॅट, म्हणजे महिन्याला अर्धं युनिटसुद्धा नाही. हिशेबाने कुणाचं समाधान झालं नाही. मावशी बरोबर आली तेव्हा झालं. दोन आठवड्यांनी बारा पुन्हा बारा झाले.

मग पाऊस आला आणि पॅकेट गळायला लागली. उन्हाळ्यात क्वचित एखादं हरवायचं, जुलैत काही दिवस निम्म्याहून जास्त गायब. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! कारण स्पष्टच दिसत होतं: चुन्याच्या भिंती पाणी पितात, ओली भिंत लहर जास्त खाते. तत्त्वतः हे खरंच आहे. मी पावसाचे आकडे जमवले, आलेख काढला, दोन्ही रेषा हातात हात घालून चालल्या. सहामाही सेमिनारमध्ये “जुन्या बांधकामातील ऋतुमानानुसार क्षीणन” असा भारदस्त मथळा देऊन मी तो सादरही केला. टाळ्या नाही, पण माना डोलल्या.

फक्त सरांनी शेवटी विचारलं, “जी पॅकेट आली, त्यांचं सिग्नल-नॉइझ गुणोत्तर काय होतं?”

लोरात पॅकेट किती संथ, पसरून पाठवायचं ते स्प्रेडिंग फॅक्टर ठरवतो; मी 10 वापरत होते. त्यात सिग्नल गोंगाटाच्या 15 डेसिबल खाली गेला तरी पॅकेट वाचता येतं. भिंती खरंच आड येत असत्या, तर आलेली पॅकेटही मरतमरत, त्या उणे 15 च्या काठावर आली असती. घरी येऊन पाहिलं तर बहुतेक शून्याच्या वर. म्हणजे जे यायचं ते ठणठणीत यायचं, नाहीतर यायचंच नाही. ओल्या भिंतीचं वागणं असं नसतं. त्या रात्री झोप लागली नाही, कारण सेमिनारचा अहवाल कार्यालयात जमा झाला होता.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला मोठा पूर आला. त्या आठवड्याची नोंद सगळ्यात वाईट निघाली, आणि विचित्रही. काही तास फक्त काकांच्या घरातलं, गेटवेला सगळ्यात जवळचं पॅकेट यायचं. मग हळूहळू एकेक घर परतायचं. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत, पाऊस तसाच कोसळत असताना. भिंती दुपारी वाळल्या म्हणायच्या का?

काकांना सहज विचारलं, त्या दिवसांत तुमच्याकडे काय झालं होतं? ते आत गेले आणि वही घेऊन आले. निवृत्त माणूस, रोजची नोंद. दूध किती, पाणी किती वाजता आलं, लाइट कधी गेली, कधी आली. “अगं, इन्व्हर्टरची बॅटरी किती टिकते ते बघायला लिहितो,” म्हणाले. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या वेळा माझ्या आलेखावर ठेवल्या. प्रत्येक खड्डा लाइट आली त्या मिनिटाला सुरू होत होता.

बाराही बोर्ड एकाच फीडरवर, म्हणजे वीज कंपनीच्या एकाच वाहिनीवर. लाइट आली की सगळे एका क्षणी जागे, आणि पंधरा मिनिटांनी सगळे एकदम बोलायला उभे. एक पॅकेट हवेत साधारण 370 मिलिसेकंद असतं. एकाच चॅनलवर, एकाच स्प्रेडिंग फॅक्टरची बारा पॅकेट एकमेकांवर आदळली, तर ज्याचा आवाज मोठा तेवढंच वाचतं, म्हणजे काकांचं. पुढे प्रत्येक बोर्डच्या घड्याळाचा स्फटिक किंचित मागेपुढे धावतो. दर फेरीत दहा-वीस मिलिसेकंदांचा फरक साठत जातो आणि काही तासांनी त्यांची तोंडं आपोआप वेगळी होतात. पावसाळ्यात लाइट जास्त वेळा जाते. पावसाचा संबंध एवढाच.

आणि हे मला चार महिने दिसलं नाही, ते माझ्याच हुशारीमुळे. बोर्ड बंद पडून सुरू झाला की पॅकेटचा क्रमांक शून्यावर जातो आणि सर्व्हर ते नाकारतो, म्हणून मी क्रमांक कायमच्या मेमरीत जपून ठेवला होता. क्रमांक शून्यावर गेले असते तर सगळे बोर्ड एकदम बंद-चालू होताहेत हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

उपाय सोपा वाटला: जागं झाल्यावर प्रत्येकाने कितीही, रँडम वेळ थांबायचं. बाराही बोर्डवर नवा कोड चढवला, पुढच्या वेळी लाइट जाऊन परत आली, आणि पुन्हा तेच, फक्त काकांचं पॅकेट! डोकं धरून बसले. मग लक्षात आलं की सगळ्यांवर कोड एकच, सीड, म्हणजे रँडम आकडा काढायची सुरुवातीची संख्या, एकच, म्हणून बाराही जण “रँडम” म्हणून एकच आकडा काढतात आणि चॅनलही तोच निवडतात. प्रत्येक चिपचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो सीड म्हणून दिला. चार ओळी बदलल्या. लाइट पुन्हा गेली, पुन्हा आली. पहिल्या पंधरा मिनिटांत बारापैकी अकरा आली. बारावं मावशीने मोबाइल चार्ज करायला प्लगमधून काढलेलं होतं.

नंतर लोरावॅनचं, म्हणजे लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचं, मानक नीट वाचलं, तर त्यात हे लिहिलेलंच होतं: बाहेरच्या एखाद्या घटनेने पुष्कळ उपकरणं एकदम बोलणार असतील तर रँडम विलंब ठेवा. मी ते पान ओलांडून थेट मॉड्युलेशनवर गेले होते. सेमिनारचा अहवाल मागे घेण्यासाठी अर्ज करावा लागला, त्यावर तीन सह्या. प्रबंधाचं पाचवं प्रकरण आता लाइट परत आल्यानंतरच्या पहिल्या तासावर आहे. ओल्या भिंतींना त्यात दीड पान मिळालं.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी त्याच प्रकरणावर बोट ठेवलं. “वीज गेल्या-आल्याच्या वेळा कोणत्या उपकरणाने मोजल्या?” मी परिशिष्टातली वहीची पानं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. “अचूकता?”

“एक मिनिट, सर. काका रोज घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांशी जुळवतात.”