बोकडाचा खांदा आणि चार स्मोकर : आठव्या महिन्याची नोंद

काल संध्याकाळी सहावा खांदा जाळीवरून उतरवला. सुरी न लावता हाड धरून ओढलं, तर ते स्वच्छ, पांढरं होऊन हातात आलं. ऑक्टोबरपासून याच क्षणासाठी खटपट चालली होती, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. शेवटी जो स्मोकर (धुरावर, मंद आचेवर मांस शिजवायची भट्टी) घेतला, तो सुरुवातीला माझ्या मनातसुद्धा नव्हता.

आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला, राउंड रॉकमध्ये राहतो. बार्बेक्यूसाठी ओळखलं जाणारं टेलर गाव अर्ध्या तासावर. टेक्सासच्या विधानसभेने १९९९ साली ज्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं, ते लॉकहार्ट तासाभरावर. या पट्ट्यात स्मोकर म्हटलं की एकच आकार डोळ्यांपुढे येतो : आडवं लोखंडी पिंप, एका बाजूला विस्तवाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. म्हणजे ऑफसेट. मीही तोच घ्यायला निघालो होतो. पण आमच्या घरी गोमांस होत नाही, मटण होतं. सगळा फरक तिथून पडत गेला.

(तापमानाचे आकडे इथल्या सवयीप्रमाणे फॅरेनहाइटमध्ये देतोय. २५० म्हणजे साधारण १२१ सेल्सिअस, २०३ म्हणजे ९५.)

पहिले दोन खांदे शेजाऱ्यांच्या ऑफसेटवर केले. पत्रा जेमतेम तीन मिलिमीटरचा, झाकणाच्या कडेने धूर निसटायचा. चांगल्या ऑफसेटचा पत्रा सहा मिलिमीटरचा असतो. असं लोखंड एकदा तापलं की तासन् तास उष्णता धरून ठेवतं. पातळ पत्र्याला ते जमत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी काटा खाली येतो. झाकणावरच्या तापमापकावरही विसंबू नका. माझ्याकडे तो २५० दाखवत असताना जाळीवर ठेवलेल्या प्रोबमध्ये (तापमान मोजणाऱ्या सळईत) पेटीकडच्या टोकाला ३१० होते.

तो आकडा पाहून मी पेटीची हवा बंद केली. चूक तिथेच झाली. हवा कोंडली की लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. धुराड्यातून दाट पांढरा धूर येतो आणि त्यातलं डांबरासारखं द्रव्य मांसावर बसतं. खांदा वरून सुरेख काळा दिसत होता, पण पहिल्याच घासाला जिभेवर कडूपणा आला आणि तो रात्रभर गेला नाही. ऑफसेटवर आच हवा कोंडून कमी करायची नसते. विस्तवच लहान ठेवायचा. धुराडं पूर्ण उघडं ठेवायचं, दर अर्ध्या-पाऊण तासाने एक वाळलेलं लाकूड घालायचं, आणि ते लगेच ज्वाळेने पेटलं पाहिजे. मग धुराड्यावर जवळजवळ दिसणारही नाही असा निळसर धूर येतो. तोच चवीचा धूर.

दुसऱ्या वेळी हे सगळं पाळलं. धूर निर्मळ, कडवटपणा अजिबात नाही. तरीही मांस कोरडं झालं, कडेचा भाग तर वाळल्यासारखाच. तीन दिवस यावर विचार केला आणि मग उलगडलं. ऑफसेटमधून गरम हवेचा मोठा झोत सतत वाहतो. पाच-सहा किलोच्या ब्रिस्केटवर (गोमांसातला छातीचा भाग) बोटभर चरबीचा थर असतो, मांसाच्या आतही चरबी विणलेली असते, त्यामुळे तो झोत बारा तास सोसतो. बोकडाची गोष्ट वेगळी. त्याची चरबी बरीचशी पोटात, आतड्यांभोवती. दोन किलोच्या खांद्यावर नुसता पातळ पापुद्रा. पण सांध्यांभोवती चिवट भाग मात्र भरपूर, आणि तो मऊ होऊन त्याचं जिलेटिन व्हायला वेळ लागतोच. वेळ हवा आणि ओलही टिकायला हवी, अशी ही अडचण.

म्हणून आपल्यापैकी जे मटण करतात, त्यांना माझं सांगणं : स्मोकर पाहताना त्यातून किती हवा वाहते ते आधी पाहा. आकार, किंमत, जाळ्या किती, हे सगळं नंतर.

जानेवारीत ऑफिसमधल्या मित्राकडे पेलेट स्मोकरवर तिसरा खांदा केला. दाबलेल्या भुशाच्या गोळ्या, त्या पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा, पंखा, आणि तापमान सांभाळणारा कंट्रोलर. ऑरेगॉनमधल्या ट्रेगर कुटुंबाने १९८०च्या दशकात ही कल्पना बाजारात आणली. २५० लावलं आणि आम्ही आत जाऊन कॅरम खेळलो. मांस व्यवस्थित मऊ झालं, धुराची चव मात्र हलकी. घरात लहान मुलं असतील, शनिवारची कामं असतील, तर हाच घ्या. मी मनापासून सांगतोय. फक्त गोळ्यांना ओल लागू देऊ नका, त्या फुगून भुसा होतात आणि दांडा अडकतो. मला स्वतःला विस्तवाजवळ बसायचं असतं, म्हणून तो माझ्यासाठी नव्हे.

मातीचा कामाडो, म्हणजे अंड्याच्या आकाराची झाकणाची कोळशाची भट्टी, फेब्रुवारीत पाहिला आणि त्याने मोह घातला. जाड भिंतींमुळे त्याला अगदी थोडी हवा पुरते, म्हणून ओल आतच राहते. बोकडासाठी उत्तम. पण तापमान एकदा वर गेलं की उतरायला तास-दीड तास घेतो, मोठ्या आकाराचं वजन सत्तर किलोच्या घरात, आणि किमतीचा आकडा आमच्या घरात मंजूर होण्यासारखा नव्हता. झाकण एकदम उघडायचं नाही, हेही तिथेच शिकलो. हवा भस्सकन आत गेली की ज्वाळा अंगावर येते. आधी दोन बोटं उघडायचं, क्षणभर थांबायचं.

आणि मार्चमध्ये गॅरेज सेलमध्ये वेबरचा स्मोकी माउंटन दिसला, १८ इंची, उभ्या पिंपासारखा. हे मॉडेल १९८१पासून विकलं जातंय. खाली कोळसा, मध्ये पाण्याचं भांडं, वर दोन जाळ्या. त्या भांड्यापाशी मी थांबलो. पाणी उकळीच्या वर तापत नाही, त्यामुळे ते जादा उष्णता पीत राहतं आणि आच स्थिर राहते. वाफेमुळे आतली हवाही दमट राहते. हवा येते ती खालच्या तीन झडपांतून, तीही मोजकी. मला हवं होतं ते सगळं एका पिंपात होतं. ९० डॉलरला घेतला.

कोळसा मिनियन पद्धतीने लावतो. जिम मिनियन या हौशी माणसाच्या नावानेच ती ओळखली जाते. न पेटवलेला कोळसा तळाच्या लोखंडी कड्यात भरून रचायचा, मधोमध खळगा करायचा आणि त्यात पेटलेले बारा-पंधरा निखारे सोडायचे. विस्तव हळूहळू बाहेर सरकत जातो. काल खालच्या दोन झडपा बोटभर उघड्या, तिसरी बंद, वरची पूर्ण उघडी. पोस्ट ओकच्या (ओकचीच एक जात) लाकडाचे मुठीएवढे तीनच तुकडे. २४० ते २६०च्या मध्ये साडेसहा तास काटा राहिला, कोळसा एकदाही घातला नाही. हे सगळं अंगणातच करा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत नको, कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

कालचा क्रम असा : आदल्या रात्री फक्त मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडा ठेवला. सकाळी भरड मिरपूड. मांसाचं आतलं तापमान १६०च्या आसपास तासभर अडलं. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस थंड करत राहतं, म्हणून असं होतं. १६५ला फॉइलमध्ये अर्धी वाटी अळणी सुपासकट गुंडाळला. बुचर पेपरने (मांस गुंडाळायचा जाड कागद) माझ्याकडे दोनदा निराशा केली, बोकडाला फॉइलच हवा. २०३ला उतरवून टॉवेलात तासभर ठेवला.

कांदा-लसूण मसाला आधी चोळू नका. पाच तासांत मिरची काळी पडते आणि कडसर लागते. मसाल्याची जागा रश्श्यात. निघालेली हाडं उकळून त्याच पाण्यात तांबडा रस्सा केला, आणि त्यात ओकच्या धुराची जी चव उतरली ती मांसापेक्षाही खोल होती. ज्वारीची भाकरी, रस्सा, वर चुरलेलं मटण. बायको एरवी धुराचा वास आला की खिडक्या लावते, काल तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

केंटकीतल्या ओवेन्सबोरोत मेंढीचं मटण असंच मंद आचेवर करतात आणि व्हिनेगर आणि वूस्टरशर सॉसचं काळं पाणी त्याला पाजत राहतात. त्यावरून आता चिंचेचं पातळ पाणी करून मांडीवर वापरायचं ठरवलंय. मांडी खांद्याहून सुकी, म्हणून १७५-१८०लाच गुंडाळलेली उतरवून काप करून पाहीन. टेक्सासमधल्या ब्रेडीत १९७४पासून लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुमारास बोकड भाजण्याची स्पर्धा भरते. यंदा नुसतं बघायला जायचंय, कुणी येणार असेल तर गाडीत दोन जागा आहेत. पेकानच्या (अक्रोडासारखं फळ देणाऱ्या) झाडाची लाकडं आणून शेडमध्ये वाळत टाकली आहेत. बोकडावर कुणी पेकान आणि ओक दोन्ही वापरले असतील, तर किती तुकडे आणि कोणत्या टप्प्यावर घातले, तेवढं शनिवारच्या आत सांगा.