टायटानियाचा पाऊस

आज लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ पाहिलं, खाली मोकळ्या अंगणात उभं राहून. वर छप्पर नाही, छत्री उघडायला मनाई. दुसऱ्या अंकात पऱ्यांची राणी टायटानिया हवामानावर बोलायला लागली आणि खरंच पाऊस आला!

या भाषणाला पुष्कळ प्रयोगांत कात्री लागते. लागू नये. नवऱ्याशी, पऱ्यांचा राजा ओबेरॉनशी, तिचं भांडण झालंय, म्हणून नद्यांनी काठ सोडलेत, बैलांचे आणि नांगरणाऱ्याचे कष्ट वाया गेलेत, कोवळी कणसं कुजलीत, साथीने मेलेल्या मेंढरांवर कावळे माजलेत. लाल गुलाबावर हिमकण पडतायत, ऋतू ओळखू येईनासे झालेत.

नाटक साधारण १५९५-९६ चं. इंग्लंडमध्ये १५९४ पासून अतिवृष्टीने सलग काही हंगाम पिकं बुडाली, धान्य कडाडलं. बरेच अभ्यासक या ओळी त्या वर्षांशी जोडतात, आणि मला ते पूर्ण पटतं. तेव्हा उभ्याने नाटक बघणाऱ्याला पावाचा भाव पाठ असणार.

शेवटी टायटानिया म्हणते, या साऱ्या अरिष्टाचे आईबाप आपणच. दैवाला दोष नाही. आजच्या अभिनेत्रीने हे ओबेरॉनला नाही, भिजणाऱ्या आम्हाला उद्देशून म्हटलं. दिग्दर्शनातला हा निर्णय मला फार मोलाचा वाटला.