आमची वाटचाल: मशीन भाड्यानं, माणूस सोबत

कोल्हापूर, सांगली, मिरज, कराड, इचलकरंजी आणि कधीतरी आंबा घाट उतरून रत्नागिरी, एवढा आमचा मुलूख. धंदा असा की लग्नकार्यात कुणी विचारलं तर सांगेपर्यंत पंगत उठते. हृदय अचानक कमजोर पडलं की त्याला काही तास, काही दिवस टेकू देणारे पंप असतात. ते आम्ही हॉस्पिटलांना पुरवतो आणि सोबत चालवणारा माणूस देतो. सुरुवातीला पैसे मशीनचे मिळायचे आणि माणूस फुकट जायचा. आता बरोबर उलटं झालंय.

मी मूळचा कॅथलॅबचा, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीचा टेक्निशियन, नोकरी पुण्यात. आमच्या भागात कॅथलॅब उघडायला लागल्या आणि हार्ट अटॅकचे पेशंट पुण्याला पाठवण्याऐवजी इथंच रात्री-अपरात्री टेबलवर घेतले जाऊ लागले. अँजिओप्लास्टी शिकून आलेले डॉक्टर होते, स्टेंट मिळत होते. अडायचं ते बलून पंपावर. महिन्यातून दोन-तीनदा लागणाऱ्या वस्तूसाठी नवा कन्सोल, म्हणजे पंप चालवणारं बाहेरचं मशीन, घ्यायचा म्हटलं की ट्रस्टी मंडळी फाइल बाजूला सारायची, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. एका हॉस्पिटलला न परवडणारं मशीन आठ-दहा हॉस्पिटलांत फिरवलं तर परवडेल, एवढाच माझा हिशोब.

पहिला कन्सोल सेकंडहँड घेतला. कर्जासाठी एका बँकेत गेलो, तर साहेबांनी कोटेशन दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे कुठल्या कारखान्यात बसवायचं?” शेवटी वडिलांच्या उसाच्या बिलावर आणि मेहुण्याच्या शब्दावर पैसे उभे राहिले. मेहुणा आजही भागीदार आहे. हिशोब तोच बघतो, त्यामुळे फर्म टिकून आहे.

बलून पंपाची कल्पना जुनी. 1967 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तो पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरला. मांडीच्या धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत सरकवायचा. हृदय सैल पडलं की तो फुगतो, त्यानं हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त जास्त मिळतं. हृदय आवळायच्या अगदी आधी तो मिटतो, म्हणजे हृदयाला पुढं ढकलायला जोर कमी लागतो. ठोके मिनिटाला शंभर असतील तर फुगाही शंभर वेळा फुगून मिटला पाहिजे. म्हणून त्यात हेलियम भरतात. हलका वायू, बारीक नळीतून झटकन आत-बाहेर होतो. कधी फुगायचं हे मशीन ईसीजीवरून ओळखतं, त्यामुळं ईसीजीची एक लीड (वायर) सुटली तरी सगळा ताल बिघडतो.

इथं पहिली गोष्ट कळली ती उंचीची. फुग्याचं माप पेशंटच्या उंचीवर ठरतं: 162 सेंटिमीटरच्या पुढं 40 सीसी, 152 ते 162 ला 34, त्याच्या खाली 25. डीलर जो उठेल तो 40 चा बॉक्स द्यायचा, कारण त्याच्याकडं तोच पडून असायचा. आमच्याकडच्या आज्जी, मावश्या त्या मापात कुठं बसणार? मोठा फुगा खाली किडनीच्या धमनीच्या तोंडाशी येतो आणि लघवी कमी होते. आम्ही 34 आणि 25 चे बॉक्स कायम गाडीत ठेवायला लागलो. त्यात पैसे अडकून पडायचे, मेहुणा कुरकुरायचा. पण “लहान फुगा तुमच्याकडं हमखास असतो” ही आमची पहिली जाहिरात ठरली आणि ती डॉक्टरांनीच एकमेकांत केली.

फोन बहुतेक रात्री यायचा. पलीकडून वाक्य ठरलेलं: “मशीन निघालं काय?” निघण्याआधी हेलियमचा काटा बघायचा, बॅटरी बघायची, ठोक्याचा इशारा मशीनला देणाऱ्या ट्रिगर केबल दोन घ्यायच्या. पोचल्यावर आयसीयूतला प्लग आधी तपासायचा, कारण यूपीएसवरचा पॉइंट कुठला आणि साध्या लाइटचा कुठला हे रात्रपाळीच्या माणसाला सांगता येईलच असं नाही. मशीन लावून दिलं की आपलं काम संपलं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात पहाटे परत फोन: अलार्म वाजतोय. बंद पडलेला फुगा आत तसाच पडून राहिला तर अर्ध्या तासाच्या आसपास त्याच्यावर रक्त गोठायची भीती, म्हणजे “सकाळी बघू” चालत नाही. मग पोरगा तिथंच थांबवायला लागलो. इचलकरंजीचा एक पोरगा यंत्रमागावर काम करून आमच्याकडं आला होता, डिप्लोमा अर्धवट. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा त्याचा कान आधीच तयार होता. हेलियमच्या पारदर्शक नळीत तपकिरी कण दिसले म्हणजे फुगा आत फाटलाय, पंप थांबवा आणि डॉक्टरला उठवा, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. त्याच्या थांबण्याचे पैसे मात्र आम्ही कधी लावले नाहीत. बिलावर फक्त “मशीन भाडे”.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि कोल्हापूर-सांगली तुटलं ते कित्येक दिवस. मशीन इकडं, फोन तिकडून. पाणी ओसरल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे एक कन्सोल आणि एक माणूस कायमचा मिरजेत ठेवला. जुलै 2021 ला पुन्हा रस्ता गेला, तेव्हा मिरजेचं मशीन चालू होतं.

या पुरांच्या आधीच आमच्या धंद्याच्या मुळावर येणारी एक गोष्ट जर्मनीत होऊन गेली होती. 2012 साली तिथल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. अटॅकमुळं शॉकमध्ये गेलेले, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलेना म्हणून बीपी कोसळलेले 600 पेशंट, निम्म्यांना बलून लावला, निम्म्यांना नाही. तीस दिवसांत बलूनवाल्यांत 39.7 टक्के दगावले, बाकीच्यांत 41.3. म्हणजे फरक नाहीच. मी हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. फोन लगेच थांबले नाहीत. बायपासनंतर हृदय उचलत नाही, झडप फाटलीय, पेशंट पुढं हलवायचाय, अशा ठिकाणी डॉक्टर बलून मागत राहिले, आजही मागतात. पण शॉकच्या प्रत्येक पेशंटला डोळे झाकून लावायचे दिवस संपत चालले हे दिसत होतं. बलून हृदयाला मदत करतो, स्वतः रक्त फारसं ढकलत नाही. मिनिटाला अर्ध्या लिटरची भर पडली तरी खूप. हृदयच मरगळलं असेल तर मदत कुणाला करणार?

स्वतः रक्त ढकलणारा पंप म्हणजे इम्पेला. त्याचं मूळ अमेरिकेतल्या रिचर्ड वॅम्पलर यांच्या हेमोपंपात. इजिप्तमध्ये पाणी उपसायचा आर्किमिडीजचा स्क्रू बघून त्यांना ती कल्पना सुचली, आणि 1988 साली ह्यूस्टनला डॉ. फ्रेझियर यांनी तो पहिल्यांदा माणसात वापरला. त्यात मोटार शरीराबाहेर आणि फिरणारी तार आत. पुढं जर्मनीतल्या आखेनच्या मंडळींनी मोटारच इतकी बारीक केली की ती पंपासोबत आत गेली. 2005 मध्ये ती कंपनी अमेरिकेच्या अॅबियोमेडनं घेतली आणि 2022 च्या अखेरीस अॅबियोमेड जॉन्सन अँड जॉन्सननं. मी नातेवाइकांना समजावताना विहिरीचं सांगतो: पूर्वी मोटार काठावर असायची, आता सबमर्सिबल टाकतो, तसं. उसाच्या पट्ट्यात यापुढं एक शब्द बोलावा लागत नाही.

पंप मांडीतून वर जातो, महाधमनीची झडप ओलांडून डाव्या कप्प्यात बसतो. एका तोंडानं कप्प्यातलं रक्त ओढतो, दुसऱ्यानं झडपेच्या पलीकडं सोडतो. सीपी या मॉडेलचा पंप 14 फ्रेंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या जरा वर, आणि पूर्ण वेगात मिनिटाला 46,000 फेरे. साडेतीन लिटरच्या पुढं रक्त देतो. छाती उघडायची नाही.

आणि इथंच आमचं गणित फसलं. बलूनमध्ये महाग वस्तू म्हणजे बाहेरचा कन्सोल, फुगा त्या मानानं स्वस्त. म्हणून तर भाड्याचा धंदा चालला. इम्पेलात महाग वस्तू शरीराच्या आत जाते आणि एकदाच वापरायची असते. कन्सोल फिरवून काय मिळवणार? पंपाची किंमत लाखांत, तीही दोन आकडी. महात्मा फुले आरोग्य योजनेचं कुटुंबाचं वर्षाचं सगळं कवच पाच लाखांचं. मधला फरक कुणी भरायचा, या प्रश्नावर आमच्या भागातल्या निम्म्या केसेस कॅथलॅबच्या दारातच थांबतात.

त्या दारात मी कितीतरी वेळा उभा राहिलोय. बॉक्स ट्रॉलीवर, सील न फोडलेला. पंप आमच्याकडं कन्साइनमेंटवर असतो. सील फुटेपर्यंत परत जाऊ शकतो, फुटला की बिल लागलं. आत डॉक्टर थांबलेत, बाहेर मोठा मुलगा मोबाइलवर चुलत्याशी बोलतोय, सोसायटीचं कर्ज, विकायला काढलेला तुकडा. मग माझ्याकडं वळून विचारतो, “साहेब, ह्यानं माणूस उठतंय काय?” मी विकणारा, त्यामुळं या प्रश्नाला उत्तर मी द्यायचं नाही हा नियम आम्ही घालून घेतलाय. डॉक्टरांना बाहेर बोलावतो. पोरांनाही तेच सांगितलंय: किंमत विचारली तर सांगा, फायदा विचारला तर बाजूला व्हा. यात काही केसेस जातात. जाऊ देत.

एकदा एका हॉस्पिटलनं सुचवलं की वापरलेला पंप ईटीओ करून, म्हणजे गॅसनं निर्जंतुक करून, परत वापरू, निम्म्या पैशात पेशंटचंही भलं होईल. ऐकायला कळवळ्याचं वाटतं. पण बारीक मोटारीत अडकलेलं दुसऱ्याचं रक्त कोण धुणार, आणि तिसऱ्या दिवशी मोटार थांबली तर सही कुणाची? आम्ही नाही म्हणालो. त्या हॉस्पिटलचं बलूनचं कामही गेलं, अजून परत आलेलं नाही.

पण पंप पुरवायला लागल्यावर दिसलं की खरी अडचण पंप बसल्यानंतरची आहे. मोटारीत रक्त शिरू नये म्हणून ग्लुकोजचं पाणी, बहुधा पाच टक्के डेक्स्ट्रोज आणि त्यात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, उलट दिशेनं सतत ढकलत ठेवावं लागतं. त्याला पर्ज म्हणतात. त्याचा दाब 300 ते 1100 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान राहायला हवा. पिशवी संपत आली आणि कुणी बदलली नाही की खेळ संपला. पेशंटला कुशीवर वळवताना पंप दोन सेंटिमीटर सरकला की स्क्रीनवर मोटारच्या करंटची लाट सपाट होते. पंप कप्प्याच्या भिंतीला चिकटला की सक्शनचा अलार्म. आणि युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) लघवी कोलासारखी गडद दिसली तर रक्तपेशी फुटताहेत, लगेच कळवायचं. ज्या पायातून नळी गेलीय त्या पायाची नाडी तासातासाला बघायची. गार लागला तर थांबायचं नाही. हे सगळं मोठ्या शहरातल्या आयसीयूत रोजचं असेल. आमच्या तालुक्याच्या आयसीयूत सिस्टरनं आयुष्यात पहिल्यांदा हा पंप बघितलेला असतो आणि तिच्याकडं आणखी तीन बेड असतात.

तेव्हा ठरलं की पंप विकला जावो न जावो, आपला माल म्हणजे माणूस. बलूनवर तयार झालेली पोरं आम्ही या पंपावर बसवली, आठ-आठ तासांच्या पाळ्या लावल्या आणि ड्युटीचं वेगळं बिल काढायला सुरुवात केली. यंत्रमागावरून आलेला पोरगा आज सिस्टरांना पर्जची पिशवी बदलायला शिकवतो. सहाय्यक म्हणून दोन मुली घेतल्या. डॉक्टर रात्री त्यांनाच फोन करतात, मला आता कुणी उठवत नाही, याचं थोडं वाईटही वाटतं.

2024 च्या एप्रिलमध्ये डेंजर शॉक नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन मिळून 355 पेशंट जमवायला दहा वर्षं गेली. मोठा अटॅक आणि शॉक असलेल्यांत सहा महिन्यांनंतर इम्पेला लावलेल्यांत 45.8 टक्के मृत्यू, नुसत्या नेहमीच्या उपचारांत 58.5. अशा पंपांच्या अभ्यासात इतका स्पष्ट फरक याआधी दिसला नव्हता. कंपन्यांची माणसं हा आकडा घेऊन फिरली, साहजिक आहे. त्याच कागदावर दुसरे आकडेही आहेत. पंपवाल्यांत रक्तस्राव जास्त, पायाचा रक्तपुरवठा अडकणं जास्त, डायलिसिस जास्त. शिवाय अटॅकनंतर हृदय थांबून बेशुद्धच राहिलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते. आमच्याकडं उशिरा, सीपीआर देत देत येणारे बरेच जण नेमके तसलेच. त्यामुळं आमची पोरं आकड्यांचा पूर्ण कागद घेऊन जातात, अर्धा नाही. आणि मला विचाराल तर ते जास्तीचे त्रास जिथं कमी करता येतात ती जागा म्हणजे रात्री तीनची आयसीयू. पायाची नाडी, युरोबॅग, पर्ज.

बाकी चालू आहे. वैद्यकीय उपकरणं विकायची एमडी-42 नोंदणी झाली, जुन्या कन्सोलचे स्पेअर मिळेनासे झालेत म्हणून एक मोडीत काढून दुसऱ्याला लावतोय. हॉस्पिटलच्या अकाउंट खात्यातून दर वेळी तोच फोन येतो, “पंपाचं बिल आलं, कन्सोल कंपनीचा, मग तुमचं वेगळं बिल कशाचं?” आम्ही ड्युटी शीट पाठवतो: दर तासाची नोंद, पर्जचा दाब, पी-लेव्हल (पंपाच्या वेगाची पायरी), लघवीचा रंग, पाय गरम की गार, खाली पोराची सही. बिल पास होतं, नव्वद दिवसांनी.