आयडिया माझी, कोडिंग तुझं

रविवारी दहाचं स्टार्टअप आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं मीटअप म्हणजे कोल्हापुरात साडेअकरा, हे पाठ झालंय तरी मी दहालाच जातो आणि खुर्च्या लावत बसतो. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर हॉल मिळतो. प्रोजेक्टर असतो, पण त्याची वायर कुठल्याच लॅपटॉपला बसत नाही, मग "कुणाकडं टाइप-सीचं अडॅप्टर हाय का रं?" अशी हाक फिरते आणि जो बॅगेतनं ते काढून देतो त्याची ओळख हॉलमध्ये सगळ्यात आधी होते. बाकीच्यांच्या छातीवर नावाचे स्टिकर असतात, ते पंख्याखाली तासाभरात गळून पडतात.

येणारे ठरलेले. निम्मे कॉलेजची पोरं, त्यांना इंटर्नशिप पाहिजे असते. काही पुण्यातल्या कंपनीचं काम घरनं करणारे माझ्यासारखे डेव्हलपर, जे कोपऱ्यात उभे राहून एकमेकांशीच बोलतात (हे नेटवर्किंग नव्हे, हे मला कळतं, पण नवीन माणसाशी बोलायला जाताना पोटात गोळा येतो त्याला काय करायचं). आणि उरलेले आयडियावाले. आयडियावाला लगेच ओळखू येतो, तो आधी हात धरतो, मग आवाज बारीक करतो. "भावा, आयडिया लई खतरनाक हाय, आत्ता सांगू शकत नाही, पण टेक्निकल को-फाउंडर पाहिजे." म्हणजे कोडिंग करणारा भागीदार. पगार विचारला की इक्विटी, म्हणजे कंपनीत हिस्सा. कशाची इक्विटी, तर न सांगितलेल्या आयडियाची. मला आजवर असे चार जण भेटलेत आणि त्यातल्या तिघांची आयडिया शेवटी घरपोच भाजी निघाली.

ही मीटअपची पद्धत बाहेरनंच आली म्हणा. अमेरिकेत निमंत्रितांसाठीच असलेला फू कॅम्प हा टेकवाल्यांचा मेळावा होता, त्याला उत्तर म्हणून 2005 च्या ऑगस्टमध्ये पालो अल्टोला कुणीही यावं असा बारकॅम्प भरला. फू आणि बार ही प्रोग्रामरांची उदाहरणादाखल वापरायची नावं, दारूचा काही संबंध नाही, पण मी पहिल्यांदा पुण्याला बारकॅम्पला निघालो तेव्हा आईला हे पटवताना दमलो. बारकॅम्पवाल्यांचा एक नियम मला आवडतो, पहिल्यांदा आलेल्यानं काहीतरी बोलून दाखवायचंच. नुसतं बघायला यायचं नाही. तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला काठावर बसू देत नाही, तसंच.

गेल्या खेपेला तो नियम आमच्याकडं लावला, तर मागच्या रांगेतनं साठीचे एक काका उठले. भाच्याला सोडायला आलेले, शिरोलीला त्यांची छोटी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. म्हणाले, "मला आयडिया-बियडिया काय नाही, मला तरास हाय." प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर पडतो, तो कामगार वहीत लिहितो, आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक ब्लो-होल (आत हवेची पोकळी) पडलेला जॉब परत पाठवतं तेव्हा तो कुठल्या हीटचा, त्या दिवशी वाळू कुठली, भट्टीवर कोण होतं, हे शोधायला दोन माणसं अर्धा दिवस वह्या चाळतात. "ह्याचं काय करता येतंय काय?"

हॉल गप्प. आयडियावाल्यांनी मोबाईल काढले. मला मात्र पहिल्यांदाच कोपरा सोडून पुढं जावंसं वाटलं.

चहाच्या वेळी त्यांच्याकडं गेलो. कार्ड दोघांकडंही नव्हतं, त्यांनी खिशातल्या चलनाच्या पावतीमागं नंबर लिहून दिला. मग संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भेटलो, समोर म्हैस पिळून फेसाळलेला ग्लास हातात येतो तिथं. भोवती सोयाबीनच्या भावापासून पोराच्या लग्नापर्यंत सगळं चाललेलं, कुणाच्या छातीवर स्टिकर नाही. काकांनी पिशवीतनं एक वही काढली. पानांवर वाळूचे आणि ग्रीसचे डाग, आणि लिहिणाऱ्याचा 1 आणि 7 अगदी सारखा.

"ह्यो एक हाय का सात?" मी विचारलं.

काका बराच वेळ बघत राहिले. "त्यालाच विचारायला पायजे," म्हणाले, "पण त्यो सुट्टीवर हाय."