चाळीसचं वर्तुळ

"सर, सात नंबरच्या स्लाइडला तुमचं मशीन काय म्हणतंय?" ताईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता विचारलं.

"निगेटिव्ह."

"परत बघा. मला चार दिसलेत."

एका सरकारी रुग्णालयाच्या क्षयरोग प्रयोगशाळेत थुंकीच्या स्लाइडच्या चित्रांत क्षयाचे जंतू ओळखायला शिकवलेल्या आमच्या न्यूरल नेटवर्कच्या चाचणीचा तो पहिला दिवस होता. सकाळच्या बारा स्लाइड आधी मशीननं वाचायच्या, मग तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी, आणि शेवटी निकाल शेजारी शेजारी ठेवायचे, असं ठरलं होतं. आठ महिने मी याच खोलीत बसून चित्रं गोळा केली होती. ती मॉडेलला शिकवताना काही चित्रं बाजूला राखून ठेवली होती आणि त्यांवर मॉडेलच्या चुका बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या होत्या. त्यामुळे ताईंचं ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की त्यांना रंगाचे कण दिसले असतील. ऑरामिन म्हणजे जंतू चमकवणारा रंग; त्याचे वाळलेले कण आणि कापसाचे तंतूही चमकतात. पण ताईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि भिंग चाळीसचं, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारं, केलं.

चारही खरे होते. पिवळसर हिरव्या, किंचित वाकलेल्या बारीक काड्या. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणासारखा थर असतो. त्यात एकदा ऑरामिन शिरलं, की आम्लमिश्रित अल्कोहोलनं धुऊनही ते निघत नाही. बाकी सगळ्याची चमक पोटॅशियम परमँगनेट दाबून टाकतं आणि निळ्या एलईडीखाली काळ्या पार्श्वभूमीवर जंतू तेवढे उजळतात. झील-नील्सन या दुसऱ्या रंगवण्याच्या पद्धतीच्या लाल रंगात जंतू शोधायला शंभरचं भिंग आणि तेल लागतं. इथे विसाच्या भिंगानं स्लाइड भराभर चाळता येते आणि शंका आली की चाळीसवर जाऊन खात्री करता येते. एलईडी आल्यापासून पूर्ण अंधाऱ्या खोलीची गरज उरलेली नाही, तरी ताई पडदा ओढूनच बसतात.

ती स्लाइड दोन महिन्यांची औषधं पूर्ण करून आलेल्या रुग्णाची होती. अशा वेळी ट्रूनॅटसारखी जनुकीय चाचणी कामाची नसते, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिला सापडतो. म्हणून उपचार चालू असताना आजही थुंकीची स्लाइडच बघतात. ताईंनी रजिस्टरमध्ये 'स्कँटी, ४' लिहिलं, म्हणजे तुरळक, चार जंतू. नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, आणि औषधं लागू पडताहेत का हे तपासायला पाठवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीनवर विसंबलो असतो तर तो कागद 'निगेटिव्ह' म्हणून गेला असता. माझे हात गार पडले होते.

जेवायला न जाता मी जुनी चित्रं उघडली. मॉडेलनं निर्णय चित्राच्या कुठल्या भागावरून घेतला हे दाखवणारा रंगीत नकाशा काढता येतो. आतापर्यंत मी तो दहा-बारा चित्रांवरच काढून पाहिला होता. जंतू मधोमध, नकाशाही मधोमध, म्हणून समाधान मानलं होतं. आता शंभरेक पॉझिटिव्ह चित्रांचे नकाशे एकावर एक ठेवले. जंतूंच्या जागी विखुरलेले ठिपके दिसायला हवे होते. दिसलं ते एक कडं, प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच मापाचं.

मी ते कडं बघत बसलो होतो. लेन्सचा दोष? कॅमेऱ्यावर धूळ? मग निगेटिव्ह चित्रांत का नाही? ताई डबा धुऊन आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"हे तर माझं चाळीसचं वर्तुळ आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अहो, जंतू दिसला की मी चाळीसवर जाते. मोजते. डॉक्टरांना बोलावते, ते येईपर्यंत लाइट चालूच. तेवढ्या जागेचा रंग विटतो. मग पुन्हा विसावर आल्यावर तुम्ही फोटो काढता. निगेटिव्हला मी कुठे थांबते?"

ऑरामिन प्रकाशात विटतं हे मला पाठ होतं. रंगवलेल्या स्लाइड अंधारात ठेवायच्या आणि लवकर वाचायच्या, हा नियम मीच भिंतीवर चिकटवला होता. पण चाळीसच्या भिंगातून पडलेला प्रकाश विसाच्या चित्रात मधोमध एक फिकी चकती सोडून जातो आणि ती फक्त पॉझिटिव्ह स्लाइडवर पडते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डोळ्यांना ती चकती दिसतही नव्हती. ताईंनी सांगितल्यावर मी चित्राचा उजेड खूप ताणला, तेव्हा कुठे अंधूक दिसली.

तरी खात्री करायलाच हवी होती. वीस पॉझिटिव्ह चित्रांतल्या सगळ्या काड्या शेजारच्या काळ्या पार्श्वभूमीनं बुजवून टाकल्या. मॉडेल तरीही पॉझिटिव्हच म्हणत राहिलं. मग निगेटिव्ह चित्रांवर मधोमध किंचित फिकं वर्तुळ काढलं. एकामागून एक सगळी पॉझिटिव्ह झाली. माझं नेटवर्क जंतू शिकलंच नव्हतं. ताईंची नजर कुठे थांबली होती, एवढंच ते ओळखत होतं. आज चित्रं ताईंच्या आधी काढली आणि त्याची ती खूण नाहीशी झाली.

चूक माझी होती. फोटो कधी काढायचा हे मी माझ्या सोयीनं ठरवलं होतं. लेबलंही सोपी निवडली होती, पूर्ण चित्राला एकच शब्द. २०१५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात तयार झालेलं यू-नेट, चित्रातला प्रत्येक पिक्सेल कशाचा हे ओळखणारं नेटवर्क, हाताशी असताना मी तो मार्ग टाळला होता. त्याच्या कर्त्यांनी पेशींच्या सीमा ओळखायला ते जेमतेम तीस चित्रांवर शिकवलं होतं, पण त्या चित्रांतला प्रत्येक पिक्सेल माणसांनी ओळखून दिलेला होता. ते काम वेळखाऊ असतं, आणि माझ्याकडे ते करू शकणारं एकच माणूस होतं, रोज स्लाइडच्या ढिगाऱ्यात बुडालेलं.

संध्याकाळी मी ताईंना सगळं सांगितलं. आठ महिन्यांची चित्रं बाद. उद्यापासून त्यांनी स्लाइडला हात लावण्याआधी फोटो, आणि एका रुग्णाची सगळी चित्रं एक तर शिकवायला, नाही तर तपासायला. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची साडेपाचची एसटी होती.

"सात नंबरचे फोटो सकाळी आधीच काढलेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग उघडा. तिथूनच सुरू करू."

मी माऊस त्यांच्या हातात दिला. पहिल्या तीन जंतूंभोवती त्यांनी सावकाश रेघ ओढली, एकेकदा पुसून पुन्हा नीट बसवली. चौथा मला पडद्यावर सापडेना. त्यांनी एका पेशीच्या चुरगळलेल्या कडेवर बोट ठेवलं.

"हा इथे, आडवा. फिका आहे, पण आहे. ह्याला सोडू नका."