आमचे दोन चंद्रशेखर

नववीत असताना मी एका राजकीय पुढाऱ्याला परस्पर नोबेल पारितोषिक देऊन टाकलं होतं. १९८३ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आमच्या बॅचचं जे कुणी ही स्मरणिका चाळत असेल त्याला एव्हाना हसू फुटलं असेल, कारण दहावीचा निरोपसमारंभ होईपर्यंत त्या मंडळींनी मला त्यावरून सोडलं नाही.

जिन्याखालच्या मोठ्या फळ्यावर रोजची बातमी लिहायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. हुशारीमुळे नव्हे, अक्षरामुळे. रंगीत खडू पाण्यात बुडवून लिहिलं की अक्षर जाड आणि ठसठशीत उमटतं, वाळलं की आणखी खुलतं, ही विद्या मी मोठ्या भावाकडून उचललेली. सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, त्यातली एक निवडायची, आणि अकराच्या घंटेआधी अर्धा तास येऊन लिहायची. त्या गुरुवारी घरात स्टोव्हचा आवाज, आईची हाकाटी, आणि सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. कानावर दोनच शब्द पडले: चंद्रशेखर आणि नोबेल.

आता त्या वर्षी चंद्रशेखर म्हटलं की सगळ्या देशाला एकच माणूस आठवायचा. जनता पक्षाचे अध्यक्ष, दाढीवाले, जानेवारीत कन्याकुमारीहून निघून जूनमध्ये दिल्लीला चालत पोचलेले. एवढं चाललेल्या माणसाला शांततेचं नोबेल मिळालं तर त्यात नवल ते काय? मी पिवळ्या आणि गुलाबी खडूत लिहिलं, ‘भारत पदयात्रेबद्दल श्री. चंद्रशेखर यांना नोबेल पुरस्कार. हार्दिक अभिनंदन!’ भोवती वेलबुट्टी काढली.

विज्ञानाचे सर सायकल लावून आले आणि फळ्यापाशी थांबले. दोनदा वाचलं. मला वाटलं, अक्षर पाहताहेत. मग त्यांनी डस्टर घेतलं, ‘भारत पदयात्रेबद्दल’ एवढंच पुसलं आणि तिथे आपल्या बारक्या, तिरक्या अक्षरात ‘ताऱ्यांच्या अभ्यासाबद्दल’ असं कोंबून बसवलं. ‘श्री.’ पुसून ‘डॉ.’ केलं. मी म्हटलं, “सर, सगळंच पुसून नीट लिहितो.” तर म्हणाले, “कशाला? अभिनंदन बरोबर आहे तुझं. राहू दे.” तो दुरंगी फळा संध्याकाळपर्यंत तसाच होता, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण ते तिरकं अक्षर वाचून विचारायचा, आधी काय लिहिलं होतंस रे?

त्या दिवशी सरांनी तिसऱ्या तासाला धडा बाजूला ठेवला आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना नोबेल कशाबद्दल मिळालं ते सांगायला घेतलं. आदल्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, पारितोषिक जाहीर झालं तो त्यांचा त्र्याहत्तरावा वाढदिवस. काम मात्र त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर केलेलं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन केंब्रिजला निघालेला, वीस वर्षंही पुरी न झालेला मुलगा ३१ जुलै १९३० रोजी आपल्या मुंबईच्या बंदरातून व्हेनिसच्या बोटीत चढला. जुलैअखेर, म्हणजे खवळलेला दर्या. त्या प्रवासात त्याने जे गणित मांडलं त्यातून ‘चंद्रशेखर मर्यादा’ निघाली. “आणि तुम्ही,” सर म्हणाले, “व्हीटीपर्यंतच्या लोकलमध्ये पाढेसुद्धा म्हणत नाही.”

मग मर्यादा म्हणजे काय. तारा हा स्वतःच्याच ओझ्याखाली दबलेला गोळा. आतली चूल पेटती आहे तोवर तो ते ओझं तोलून धरतो. सरपण संपलं की आत आत आवळत जातो. मग थांबतो कशाने? आमच्या वर्गात एका बाकावर दोघं बसायची पद्धत होती. सरांनी तीच उचलली. इलेक्ट्रॉनांच्या शाळेतही एका बाकावर दोघंच, तेसुद्धा एकाचं तोंड फळ्याकडे तर दुसऱ्याचं भिंतीकडे. तिसऱ्याने ‘जरा सरकून घ्या’ म्हणायची सोय नाही. लोकलची चौथी सीट तिथे चालत नाही. पुढचे बाक भरले की उरलेल्यांनी मागे जायचं, आणि बाक जितका मागचा तितकं जोरात पळायचं. भिंती जवळ आल्या की सगळ्यांचीच पळापळ वाढते. त्या पळापळीचा भिंतींना जो रेटा बसतो तो विझलेल्या ताऱ्याला सावरून धरतो. असा सावरलेला तारा म्हणजे श्वेत बटू. इथपर्यंतचं १९२६ मध्ये केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी दाखवून ठेवलं होतं.

हे नुसतं सांगून सर थांबले नाहीत. त्यांनी आम्हाला उठवलं, अर्धे बाक भिंतीला सरकवले आणि उरलेल्या जागेत सगळ्यांना पळायला लावलं. शेवटच्या बाकावरचा म्हणून मी सगळ्यांत जोरात. शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या, सरांना खडू हातात घेऊन मध्ये उभं पाहून काही न बोलता परत गेल्या.

धापा टाकत बसलो तेव्हा खरी गोष्ट आली. पळण्यालाही हद्द आहे, प्रकाशाच्या वेगापुढे कुणाला जाता येत नाही. ओझं वाढवत नेलं तर मागच्या बाकावरचे आधीच त्या हद्दीला टेकलेले असतात. आणखी दाबलं तरी रेटा हवा तितका वाढत नाही, आणि एका वजनापुढे भिंती थांबतच नाहीत. बोटीवरच्या मुलाने सापेक्षतेचा हिशेब फाउलरच्या गणितात घातला आणि त्याला हे दिसलं. ते वजन सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याहून जड गाभ्याला श्वेत बटू होऊन निवांत पडून राहता येत नाही.

कुणीतरी विचारलं, “सर, मग आपल्या सूर्याचं काय होणार?” सर घाईत म्हणाले, “त्याचंही शेवटी कृष्णविवर होणार,” आणि घंटा झाली. मी ते फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते थेट फळ्याकडे. ‘सूर्य → कृष्णविवर’ असं लिहिलं, त्यावर आडवी काट मारली आणि म्हणाले, “काल मी चुकीचं सांगितलं. सूर्याचं वजन एक. मर्यादा एक पूर्णांक चार. मग तो मर्यादेच्या आत की बाहेर?” आम्ही म्हटलं, आत. “मग सूर्य काय होणार?” श्वेत बटू. “मला हे काल रात्री जेवताना लक्षात आलं. वह्या काढा, खोडा.” चाळीस मुलांनी वह्या काढून सरांचं वाक्य खोडलं. माझ्याकडे ती वही अजून आहे. त्या पानावर सूर्याचं कृष्णविवर निळ्या शाईत आडवं कापलेलं आहे, आणि समासात सरांची लाल सही.

जानेवारीत सर आम्हा अकरा जणांना, घरून चिठ्ठ्या आणायला लावून, रात्री सायकलींवर उपवनला घेऊन गेले. तळ्याकाठी तेव्हा दिवे जवळपास नव्हतेच, येऊरचा डोंगर नुसता काळा. मृगाच्या खाली व्याध झगझगत होता. सर म्हणाले, त्याला एक जोडीदार आहे, तो श्वेत बटू. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आकाराने पृथ्वीएवढा, वजनाने जवळजवळ सूर्याएवढा. त्याचा चमचाभर ऐवज काही टन भरेल. “आणि हा जो व्याध दिसतोय, त्याचा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा तुम्ही बालवाडीत होतात.” साडेआठ वर्षांहून थोडं जास्त. मी तेवढ्यात बोटांवर हिशेब केला, बरोबर आला.

एडिंग्टनची गोष्ट तिथेच, थंडीत कुडकुडत ऐकली. १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून वाकतो हे मोजून आइनस्टाइनला खरं ठरवणारा माणूस. खगोलशास्त्रात त्याच्या शब्दाला केवढं वजन! चंद्रशेखरांचं काम चालू असताना तो त्यांच्याकडे यायचा, आकडे बघायचा, हाताने फिरवायचं गणकयंत्रही त्यानेच मिळवून दिलं. आणि ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखरांनी निबंध वाचल्यावर हाच गृहस्थ उठला आणि त्याने सगळ्यांदेखत त्याची टर उडवली. तारा असा अचरटपणा करणार नाही असा निसर्गाचाच काहीतरी नियम असला पाहिजे, अशा अर्थाचं तो बोलला. सभेत हशा झाला. काय बोलणार आहे याची चंद्रशेखरांना आधी कल्पनाही दिलेली नव्हती. बोर आणि पाउली यांच्यासारख्या बड्या भौतिकशास्त्रज्ञांना खाजगीत चंद्रशेखरांचं पटत होतं, पण उघडपणे उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मला आजही राग एडिंग्टनपेक्षा या गप्प बसणाऱ्यांचा जास्त येतो.

मी सरांना विचारलं, मग एडिंग्टनने नंतर फळा पुसला का? सर हसले. “नाही रे. तसाच गेला, १९४४ ला. आणि श्रद्धांजलीचं भाषण चंद्रशेखरांनीच केलं, त्याला त्या काळातल्या सर्वांत थोर खगोलशास्त्रज्ञांत बसवलं.”

मी काही शास्त्रज्ञ झालो नाही. डिप्लोमा केला, वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या लेथवर घासलो, मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं. गियर कापतो. पण चंद्रशेखर डोक्यातून गेले नाहीत, मिळेल ते वाचत राहिलो. वाचताना पुन्हा नावाचाच घोळ घातला. नोबेलमधले त्यांचे भागीदार विल्यम फाउलर हे अमेरिकेतले, आणि राल्फ फाउलर केंब्रिजचे. दोघे एकच समजून मी कितीतरी दिवस हिशेब लावत होतो की हा माणूस जगला तरी किती!

त्या सभेनंतर चंद्रशेखरांनी काय केलं, हे मला मर्यादेपेक्षाही मोठं वाटतं. १९३७ मध्ये ते अमेरिकेत येर्कीस वेधशाळेत गेले. ताऱ्यांच्या रचनेवर जे काही म्हणायचं होतं ते १९३९ च्या ग्रंथात नीट बांधून ठेवलं आणि विषय बदलला. मग ताऱ्यांच्या समूहांची गती, मग प्रारणाचं, म्हणजे प्रकाश-उष्णतेचं, संक्रमण, मग द्रवांचं स्थैर्य, असं प्रत्येक विषयात काही वर्षं बुडायचं, ग्रंथ लिहायचा, उठायचं. सत्तरी ओलांडल्यावर कृष्णविवरांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो नोबेलच्याच वर्षी आला. त्यातल्या गणिताच्या कच्च्या मांडणीची सुमारे ६०० पानं त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवून दिली, ज्याला पडताळायचं त्याने पडताळावं म्हणून. आमच्या धंद्यात फायनल ड्रॉइंग गिऱ्हाइकाला जातं आणि कच्चे कागद रद्दीत. हे वाचल्यापासून मी कच्चे कागद फाइलला लावायला लागलो. बायको म्हणते, रद्दीवाल्याचं नुकसान.

शिवाय १९५२ ते १९७१ ते ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक होते. आणि ली आणि यांग या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची गोष्ट तर तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल: येर्कीसहून गाडी चालवत शिकागोला यायचे, वर्गात विद्यार्थी दोनच, आणि त्या दोघांना १९५७ मध्ये चंद्रशेखरांच्या आधी नोबेल मिळालं. ली आणि यांग त्यांच्या वर्गात होते हे खरं. पण दर फॉरवर्डमागे त्या रस्त्यावरचा बर्फ फूटभर वाढत चाललाय, तेवढा जरा आवरायला हवा.

नोबेलच्या मानपत्रात तरुणपणच्या कामावरच भर होता, पुढच्या पन्नास वर्षांच्या मेहनतीचं काय, असं त्यांना लागलं होतं म्हणतात. मला ते समजतं. कुणी भेटलं की मला त्या फळ्याचीच आठवण करून देतात, त्यानंतर मी दोन वर्षं रोज बिनचूक लिहिलं त्याचं कुणी नाव काढत नाही!

सर निवृत्त होऊन डोंबिवलीला राहायला गेले. नोव्हेंबर १९९० मध्ये दाढीवाले चंद्रशेखर पंतप्रधान झाले, त्या आठवड्यात वर्कशॉपच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. तेच बारकं, तिरकं अक्षर. ‘चि. फळामंत्री यांस, तुमचे चंद्रशेखर पंतप्रधान झाले. आमचे अजून शिकागोलाच आहेत. अनेक आशीर्वाद.’ पाच वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, सरांचे चंद्रशेखर गेले. तेव्हा कार्ड आलं नाही. मीच डोंबिवलीला गेलो, चहा झाला, त्या विषयावर दोघंही फारसं बोललो नाही.

मग जुलै १९९९. वर्कशॉपमध्ये सकाळी फोन वाजला. मागे मशीन चालू, सरांना ऐकू कमी, दोघंही ओरडत होतो.

“पेपर पाहिलास? अवकाशात दुर्बीण सोडल्ये. क्ष-किरणांची. नाव ठेवलंय चंद्रा!”

“हो सर, वाचलं!”

“फळ्यावर लिहायची झाली तर काय लिहिशील?”

मी एका हाताने कान झाकला आणि सांगितलं, चंद्रशेखर यांच्या नावाची दुर्बीण अवकाशात, हार्दिक अभिनंदन.

“डॉ. लिहिलंस ना?” सरांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.